मोठा दिवस की लहान दिवस

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझ्या पत्राची वाट न बघता माझं पत्र येतंय म्हणजे बाईचं काहीतरी काम अडलंय, हे तू ओळखलं असशीलच. अडलंयच.

आमच्या कागद कारखान्यात नवी टूम निघाली आहे. मोजणी खात्यात ज्यांना पन्नास पूर्ण झाली, त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्यात. 'मोठा दिवस' घेतला तर रोज दहा तास काम आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. 'लहान दिवस' घेतला तर रोज पाचच तास, पण मग सहासष्टाव्या वर्षापर्यंत यायचं. आत्ताची आठ तासांची पाळी बंद. एका टेबलावर एक तर एकच बाई दहा तास बसेल, नाहीतर दोघी पाच-पाच तास. मला गेल्याच महिन्यात पन्नास झाली, म्हणजे मी बरोब्बर सापडले. ह्यांनी लगेच पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. दहा तास आठ वर्षं म्हणजे ऐंशी, पाच तास सोळा वर्षं म्हणजेही ऐंशी. "कारखान्याला काही फरक नाही. फरक पडलाच तर तुला," म्हणाले. फॉर्म अठ्ठावीस तारखेपर्यंत द्यायचा आहे आणि एकदा सही केली की केली, मागे फिरता येणार नाही.

माझं काम तुला माहीत आहे. पाचशे कागदांचा गठ्ठा घ्यायचा, अंगठ्याने कोपरा पंख्यासारखा उघडायचा आणि पाच-पाच करत मोजायचं. डागाळलेला दिसला की बाजूला. मध्ये कुणाशी एक शब्द बोललं की आकडा गेला, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आमच्या हॉलमध्ये बावीस बायका आणि सगळं कसं चिडीचूप! लहानपणी तू जिला 'टकळी' म्हणून चिडवायचास, ती सत्तावीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसते आणि त्याचा पगार घेते. सांगून कुणाला खरं वाटेल?

तू काच कारखान्यात भट्टीपाशी तीस वर्षं दहा-दहा तास काढलेस आणि पंचावन्नाव्या वर्षी मोकळा झालास, त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हा घरातला अनुभवी माणूस तूच. वहिनी असती तर आधी तिलाच विचारलं असतं. आता तू सांग, काय करू?

पोरीला आशीर्वाद.

तुझी,
टकळी

८ फेब्रुवारी

टकळे,

यात विचारण्यासारखं आहे काय? मोठा दिवस. डोळे मिटून मोठा दिवस घे.

अगं, आठ वर्षं म्हणजे काय, हां हां म्हणता जातात. माझी तीस कशी गेली ते मलासुद्धा आठवत नाही. आणि त्यानंतरची चैन बघ! सकाळी साडेसहाला उठतो, का, तर उठायची सक्ती नाही म्हणून. आधी बाग. मग सुतारकाम, हल्ली एक स्टूल करतोय, झालं की तुला पाठवीन. मग एकला जेवण, चारला चहा, मग जुने दोस्त. कुणी घंटा वाजवत नाही, कुणी घड्याळ दाखवत नाही. राजे लोक आणखी काय वेगळं करत असतील?

लहान दिवसाच्या नादी लागू नकोस. पाच तास कामाला म्हणजे येण्याजाण्यात, वेणीफणीत, डबा भरण्यात दिवस संपणारच. शिवाय पासष्टाव्या वर्षी गुडघे धरून जिने चढताना माझी आठवण काढशील आणि मग मला शिव्या देशील. त्यापेक्षा एकदाच काय ते दात-ओठ खाऊन करून टाक.

मेहुण्यांना सांग, त्यांचं गणित बरोबर आहे, पण उत्तराखाली रेघ मी मारली.

दादा

१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं आणि माझा फॉर्म स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भरूनही टाकला. 'मोठा दिवस'पुढे बरोबरची खूण. सही तेवढी बाकी आहे. रोज संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी फॉर्म आणि पेन आणून ठेवतात. मी कप उचलते आणि फॉर्म राहतो.

ह्यांचं बरं चाललंय. पुढच्या खोलीत पाण्याच्या पंपांच्या मोटरी दुरुस्तीला येतात, तेवढंच चालू आहे. रेडिओ हल्ली इतका मोठा लावतात की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वेगळा घ्यायला नको. परवा एक भलतंच झालं. तुला ठाऊक आहे ना, ते मोटर चालू करतात, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवतात आणि मूठ कानाला लावून ऐकतात. आतलं बेअरिंग घासतंय का, ते अशानेच कळतं, आणि त्यात ह्यांचा हात धरणारा या भागात कुणी नाही. तर परवा एका शाळेची मोटर आली. ह्यांनी ऐकली, "ठणठणीत आहे" म्हणून परत दिली आणि दुसऱ्या दिवशी ती जळून परत आली. बेअरिंगचा पार भुगा. शाळेच्या शिपायाने येताना ती घासत असलेली ऐकली होती, असं तो म्हणाला. ह्यांनी नवीन गुंडाळी भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. लक्ष नसतं रे हल्ली त्यांचं.

असो. मला एकच गोष्ट नीट कळव. बाग सकाळी, सुतारकाम जेवणाआधी, चहा चारला. मग दुपारी दोन ते चार तू काय करतोस? मला ते दोन तास डोळ्यांसमोर येत नाहीत. मोठा दिवस घ्यायचा म्हणजे शेवटी असे दोन तास कमवायचे ना, मग ते दिसतात कसे, ते तरी आधी कळू दे.

टकळी

१८ फेब्रुवारी

टकळे,

दोन ते चार? हा काय प्रश्न झाला? माणूस दुपारी जे करतो तेच करतो. बागेत बसतो. कधी डुलकी काढतो.

मला एक शंका येतेय ती स्पष्टच विचारतो. तुमचं दोघांचं काही बिनसलंय का? रेडिओ मोठा, लक्ष नाही, फॉर्म तसाच. मोठा दिवस घेतला तर तेवढाच वेळ घराबाहेर जाईल, हे काय वाईट आहे? घरोघरी मातीच्या चुली. मी तर बायकोशी भांडायलासुद्धा घरी नसायचो, म्हणून आमचं कधी वाजलं नाही.

सही करून टाक. दहा दिवस उरलेत.

दादा

१९ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र बाबांना न सांगता, औषधाच्या दुकानातून, गिऱ्हाईक नसताना लिहितेय. तुझी दोन्ही पत्रं टेबलावर उघडी होती. वाचली. रागव हवं तर, पण आधी हे वाच.

बाग म्हणजे चार कुंड्या. त्यातल्या दोन रिकाम्या आहेत. स्टूल दीड वर्षापासून चालू आहे, त्याचा एक पाय लांब होतो म्हणून बाबा तो कापतात, मग उरलेले तीन लांब होतात. तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा तो पाट झालेला असेल. जुने दोस्त म्हणशील तर दोघे आपापल्या मुलांकडे गेले आणि एकाशी बाबा बोलत नाहीत.

आणि दोन ते चार. रोज दीड वाजता इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. "बागेत जाऊन येतो" म्हणतात. एकदा माझी सुट्टी होती, मी मागे गेले. काच कारखान्याच्या फाटकासमोर बाकडं आहे, तिथे बसतात. दोनला पाळी बदलते, माणसं आत जातात, माणसं बाहेर येतात. बाबा बघत बसतात. ओळखीचं कुणी दिसलं की हात वर करतात. सगळे गेल्यावरसुद्धा बसून राहतात आणि चारला उठून घरी येतात.

मी काही बोलले नाही त्यांना. काय बोलणार? आत्या, मी लहान होते तेव्हा ते यायचे त्या वेळी मी झोपलेली असायचे, आणि रविवारी ते झोपलेले असायचे. आता दोघं जागे असतो आणि एकमेकांना "जेवलीस का", "जेवलात का" एवढंच विचारतो. चांगले आहेत गं ते. पण आम्हाला एकमेकांशी बोलायची सवयच नाही.

फॉर्मवर सही त्यांच्या पत्रावरून करू नकोस, एवढंच.

तुझी भाची

२२ फेब्रुवारी

दादा,

तू विचारलंस आमचं बिनसलंय का. नाही रे. उलट आहे. मीच तुझ्यापासून लपवलं, त्याची आधी माफी मागते, मग तुझी खबर घेते.

ह्यांना ऐकू येईनासं होतंय. दिवाणखान्यातल्या कपाटात स्क्रूंच्या डब्याखाली मला डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, तीन महिन्यांपूर्वीची. मी त्याच डॉक्टरांकडे जाऊन आले. कानाच्या नसा वाळत चालल्यात. यंत्राचा थोडे दिवस उपयोग होईल. चार वर्षं, फार तर पाच, मग काहीच नाही. हे मला बोलले नाहीत आणि मी त्यांना बोलले नाही. मी बोलायला लागले की ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत बसतात. आधी मला वाटलं, या वयात हे काय भलतंच! लाजलेसुद्धा मी, खोटं कशाला सांगू. मग चिठ्ठी सापडली.

आता तूच मांड. मोठा दिवस घेतला तर सकाळी सातला बाहेर, दिवस मावळता घरी येऊन जेवण, आणि अंथरूण. दिवसभर तोंड बंद, घरी आल्यावर बोलायचं त्राण नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मोकळी होईन, तेव्हा माझ्याकडे बोलायला सगळा दिवस असेल आणि त्यांना एक शब्द ऐकू येणार नाही. आणि ह्यांचाच हट्ट, मोठा दिवस घे म्हणून! का, ते सांगत नाहीत. लहान दिवस घेतला तर पगार जवळजवळ निम्मा, आणि ह्यांचं काम तर आता कानांबरोबर जाणारच. ओढाताण होईल, तेही मला दिसतंय.

म्हणून तुझं खरं हवंय मला, थापा नकोत. दुरून डोंगर साजरे असतात आणि तू तर उंटावर बसून शेळ्या हाकतोयस. तुझ्या त्या बागेला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो रे? मी तुझी धाकटी बहीण आहे, मला फसवून तुला काय मिळणार? एवढा दहा-दहा तास राबून मिळवलेला वेळ तुला हाताला लागला का, हो की नाही, सांग. मी त्यावर आठ वर्षं लावणार आहे.

टकळी

२५ फेब्रुवारी

टकळे,

पत्रात लिहिता येत नाही, तीन कागद फाडले. सत्तावीसला दुपारच्या गाडीने येतो. तोवर सही करू नकोस.

दादा

१२ मार्च

माझ्या गुणी भाचे,

तुझे बाबा दोन दिवस राहून गेले ते तुला कळलंच, पण इथे काय झालं ते त्यांनी तुला सांगितलं नसणार, याची मला खात्री आहे. म्हणून मी सांगते. त्यांना विचारून सांगतेय. "मला नाही जमायचं, तूच लिही तिला," म्हणाले.

आले ते घामाघूम. चहा झाला. फॉर्म नेहमीसारखा कपाशेजारी. तुझे काका बाबांना म्हणाले, "तुम्हीच समजवा हिला, मोठा दिवस घे म्हणावं." बाबांनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "मी चुकीचं लिहिलं होतं." काका हसून मान डोलावत म्हणाले, "बघ, तेही हेच म्हणतायत!"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे. मग ते उठले, खुर्ची काकांच्या अगदी समोर ओढली आणि ओरडून बोलायला लागले. तुझे बाबा किती कमी बोलतात तुला माहीत आहे. जी गोष्ट ह्या माणसाने कधी कुणाला कुजबुजूनसुद्धा सांगितली नव्हती, ती त्या दिवशी सगळ्या गल्लीने ऐकली.

तुझी आई जायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. एका रात्री जेवण वाढताना ती म्हणाली, तुम्हाला एक सांगायचंय. बाबा ताटावर बसल्या बसल्या पेंगले. दुसऱ्या रात्री तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "जाऊ दे, रविवारी सांगते." रविवारी बाबा दुपारपर्यंत झोपले आणि उठल्यावर विचारलं, काय सांगणार होतीस? ती म्हणाली, "काही नाही हो, एवढं काही नव्हतं." आणि भाजी चिरायला बसली. "काय होतं ते मला अजून माहीत नाही!" बाबा ओरडले. "तीन वर्षं मी रिकामा बसलोय, रोज दुपारी तेच आठवतो, काय होतं? मला वेळ मिळाला हो, पण तो घेऊन मी जाऊ कुणाकडे?" आणि मग रडले. मोठ्याने. ओरडता ओरडता रडू आलं की ते हळू कसं करणार?

मी तुझ्या बाबांना पहिल्यांदा रडताना पाहिलं, आई गेल्यावरसुद्धा नव्हतं पाहिलं.

तुझ्या काकांनी त्यांना पाणी आणून दिलं. मग मला म्हणाले, "तुला माहीत आहे ना, माझ्या कानांचं?" मी मान हलवली. "कधीपासून?" मी बोटांनी दोन महिने दाखवले. "मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही तीन महिने बोलला नाहीत, माझं एक महिन्याने कमीच आहे." हसले बिचारे. मग त्यांनी मोठ्या दिवसाचं कारण सांगितलं. त्यांना भीती वाटत होती ती पुढची. अगदीच काही ऐकू येईनासं झालं, गिऱ्हाईक यायचं थांबलं, की ह्या घरात आपण दिवसभर एकटे बसणार आणि दार कुणी वाजवलं तरी कळणार नाही. तेव्हा मी कायमची घरी असायला हवी, सहासष्टची वाट बघत बसायला नको. स्वतःचा तेवढाच एक स्वार्थ केला म्हणाले.

मी म्हटलं, अहो, आणि तोवरची आठ वर्षं कुठे एकटे बसणार होता? लहान दिवस घेतला तर मी रोज एकला घरी येईन. आजही आणि तेव्हाही. सोळा वर्षं जाईन कामाला, काय बिघडलं? हे मला तीनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा तर गल्लीतल्या मंडळींनाही पाठ झालं असेल. पैशांचं कसं करणार, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसंतरी. वरची खोली भाड्याने देऊ कदाचित.

त्यांनी भरलेला फॉर्म त्यांनीच फाडला. अठ्ठावीसला सकाळी मी कचेरीतून दुसरा घेतला आणि सही करून दिला. कारकून म्हणाला, "बाई, सहासष्टपर्यंत म्हणजे लांबचा पल्ला आहे, विचार केलात ना?" मी म्हटलं, केला.

आता तुझ्यासाठी. बाबा निघताना दारात थांबून मला म्हणाले, पोरीशी काय बोलायचं तेच कळत नाही, ती काय वाचते, कुणाबरोबर हसते, मला काही माहीत नाही. आता एवढं मोठं झाल्यावर विचारायचं कसं? मी म्हटलं, जसं जमेल तसं विचारा, चुकलं तर ती सांगेल. तेव्हा ते काहीतरी वेडंवाकडं विचारतील, तू समजून घे. आणि तुझी आई तेव्हा काय सांगणार होती, हे तुला कधी ती बोलली असेल तर त्यांना सांग. नसेल बोलली तर तेही सांग, म्हणजे दोघं मिळून अंदाज तरी करत बसाल.

इथलं बरं आहे. पहिले दोन-तीन दिवस मी एकला घरी आले की आम्ही दोघं पाहुण्यांसारखे समोरासमोर बसायचो. इतक्या वर्षांनी दुपारी घरात दोन माणसं, काय बोलायचं? काल मात्र मी आमच्या मुकादमबाईंची गोष्ट सांगितली. त्या घाईघाईत दोन्ही डाव्या पायाच्या चपला घालून आल्या, एक तपकिरी, एक काळी, आणि हॉलमधून रुबाबात फिरत होत्या. आमच्यातल्या एकीचाही आकडा जाऊ द्यायचा नाही म्हणून सगळ्या ओठ चावून मोजतायत, खांदे नुसते गदगदा हलतायत. शेवटी कोपऱ्यातली एक फुटली आणि सगळ्या टेबलांवरचे गठ्ठे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.

अगदीच फालतू गोष्ट. दमून आले असते तर ताटावर बसेपर्यंत विसरलेसुद्धा असते. तुझ्या काकांना पहिल्यांदा ती अर्धीच कळली, चपला कुणाच्या तेच समजेना. मग मी उठले, त्यांची एक आणि माझी एक चप्पल पायात घातली आणि मुकादमबाईंसारखी खोलीभर चालून दाखवली. एवढे हसले, एवढे हसले की हातातला चहा सांडला. आणि पुसता पुसता म्हणाले, "उद्या काय होतं तेही सांग हं."

तुझी,
आत्या